चेहरा सोडून बाकी मी

सोमवार, ३ नोव्हेंबर

पिस्ता! सगळ्यांनी पिस्ता रंगच घालायचा म्हणे!

दुपारी श्रियाचा पुण्याहून फोन. "मावशी, फॅमिली फोटो काढायचाय. सगळे एका रंगात हवेत, हल्ली तसंच असतं. बाबांना पिस्ता कुर्ता, तुला पिस्ता साडी, आजीला मोतिया चालेल." लग्न तीस तारखेला. फोटो येत्या रविवारी, इथंच उमरग्यात, मल्लेशच्या स्टुडिओत. तो मोठा करून मंडपाच्या दारात लावायचा. समोरच्या बाजूला जावयाच्या घरच्यांचा. वरदची माणसं सोलापूरची, त्यांचा फोटो कधीच तयार आहे म्हणे.

कपाट उघडून बसले. पिस्ता माझ्याकडं कुठून असणार! हिरवी इरकल आहे, पण ती गडद. एक पोपटी होती, तिची गोधडी झाली. सासूबाई दारातून बघत होत्या. "तुला कशाला नवी? फोटो लेकराचा हाय."

तरी उद्या बाजारात जाणार. ठरलं. या घरात माझा एक धड फोटो नाही. लग्नातले आहेत चार, देवळातले, त्यातल्या दोनांत माझे डोळे मिटलेले. बिजवराचं लग्न. कोण हौसेनं फोटो काढतंय!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मिळाली! दुकानदारानं आधी सगळं पोपटीच काढलं. म्हटलं, दादा, हा पोपट झाला, मला पिस्ता पाहिजे. शेवटी एक निघाली. अगदी फिकी, बारीक रुपेरी काठ. अंगावर घेतली तर आरशात दुसरीच बाई! ब्लाऊज शनिवारपर्यंत देतो म्हणाला टेलर.

घरी यांना दाखवली. "ठीक आहे." मोबाईलमधून मान वर न करता.

चुलीत गेलं यांचं ठीक आहे. मला आवडली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटत होतं. पण मग सांगू कुणाला?

संध्याकाळी चहा दिला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "विमल, फोटोत अयोध्या पायजे."

अयोध्या म्हणजे यांची पहिली बायको. श्रियाची आई. श्रिया दोन वर्षांची असताना माहेरी, ईटला, तापानं गेली. मला सांगितलेलं एवढंच. तिचा एकच फोटो आहे घरात, छातीपर्यंतचा, बैठकीच्या भिंतीवर. मला वाटलं तो हातात धरून बसायचं म्हणतात. म्हटलं, "घेऊ की. श्रियाच्या मांडीवर ठेवू."

"तसं न्हाय. बसल्याली पायजे. मार्तंडाच्या शेजारी. मल्लेशला इचारलंय म्या. त्यो करतो म्हणला."

मल्लेश म्हणे कॉम्प्युटरवर चेहरा बसवतो, हुबेहूब. पण चेहऱ्याखाली अंग लागतं. तिच्या साडीत, तिच्या जागी कुणीतरी बसायला पाहिजे.

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"तूच की! घरात दुसरं कोण हाय? उंची तेवढीच हाय. जरा सुटलीस, पर चालतंय."

यांच्याकडं बघितलं. पंचायत समितीत दिवसभर लोकांचे अर्ज वाचणारा माणूस, माझ्या तोंडावरचं एक अक्षर वाचता येत नाही. "आईची इच्छा आहे. श्रियालाही बरं वाटेल. फोटोच तर आहे."

"आणि मी?"

"तूच तर आहेस की त्यात."

चेष्टा करत नव्हते. खरंच तसं वाटत होतं त्यांना!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

स्वयंपाक केला. बोलले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

अयोध्या असती तर. हे ऐकत या घरातली माझी सगळी वर्षं गेली. भाकरी जाड झाली — अयोध्या असती तर. पाहुण्यांपुढं हसले — अयोध्या अशी दात काढत नव्हती. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही, तिला कधी डोकं दुखलं नाही, तिच्या हातची आमटी तर देवसुद्धा मागून घेत असेल. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही. ती चुकतच नाही. मी तिचा राग राग केलाय मनात. रोज तिचा फोटो पुसताना केलाय.

लग्न ठरताना यांच्या घरची एकच अट — दुसरं मूल नको, म्हणजे आपपर होणार नाही. अणदूरच्या घरी बैठक बसली होती. माझे वडील म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." मला कुणी विचारलं नाही. मी आत पोह्यांवर खोबरं घालत होते.

आणि श्रियाला मी मावशी. "आई एकच आसती," सासूबाईंनी पहिल्याच दिवशी लेकराला शिकवलं. मावशी तर मावशी. वेण्या घातल्या, गोवर काढला, दहावीला पहाटे उठून चहा केला. पुण्याला नोकरीला निघाली तेव्हा स्टँडवर माझ्या गळ्यात पडून रडली. तेवढं माझं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सासूबाईंनी पेटीतून शालू काढायला लावला. डाळिंबी. अयोध्याच्या लग्नातला. दर उन्हाळ्यात मीच त्याला ऊन दाखवते, डांबराच्या गोळ्या बदलते. नेसायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

ब्लाऊज अंगात जाईना. दंडातच अडकलं. सासूबाई बाजूला बसून, "उसव. आत कापड हाय." उसवायला घेतलं. शिवण पक्की होती. कुणा बाईनं जीव लावून हातानं शिवलेलं. एकेक टाका तोडताना बोटाला सुई टोचली, रक्ताचा ठिपका पडला अस्तरावर. आतल्या बाजूला. दिसणार नाही.

टेलरचा निरोप आला, पिस्ता ब्लाऊज तयार आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

श्रिया आली. आल्या आल्या माझ्या हातची शेंगाची पोळी मागितली. खाता खाता म्हणाली, "मावशी, तू रागावलीस का?"

"कशावर?"

"आजीनं सांगितलं मला फोटोचं." मग खाली बघून, "माझा आईबरोबरचा एकही फोटो नाही गं. एकसुद्धा नाही. मैत्रिणींचे बघते ना..."

तिची भूक खरी आहे. माझ्यापाशी तिचे ढीगभर फोटो आहेत, शाळेचे, गॅदरिंगचे, पण ते सगळे मी काढलेले. त्यात मी कुठं असणार?

"तुझाही काढू ना! आधी हा काढू, मग तू पटकन पिस्ता नेसून ये. पाच मिनिटं लागतील."

म्हटलं बरं. नवी साडी घडी मोडून, पिन लावून पिशवीत ठेवली. जुळत्या बांगड्यासुद्धा.

रविवार, ९ नोव्हेंबर

झालं.

मल्लेशचा स्टुडिओ हायवेलगत, वरच्या मजल्यावर. खाली ट्रकांचे हॉर्न, वर हिरवा पडदा. सासूबाई मधल्या खुर्चीत. शेजारी मी, डाळिंबी शालूत, घामाघूम. दंडाला ब्लाऊज काचत होतं. श्रिया माझ्या पायाशी पिस्ता घागऱ्यात, हे माझ्या मागं.

मी सवयीनं केस सारखे केले, जरा हसले. मल्लेश कॅमेऱ्यातून डोकं काढून म्हणाला, "वहिनी, तुम्ही हसू नका. चेहरा तुमचा जाणारच हाय. मान तेवढी सरळ ठेवा."

वाईट माणूस नाही तो. कामाचं बोलला. पण मग तोंडाचं करायचं काय? ठेवायचं कुठं? मी समोरच्या पंख्याकडं बघत राहिले.

मग त्याला मंगळसूत्र दिसलं. "हे त्यांचंच का? जुन्या फोटोत वाट्या वेगळ्या हायत."

सासूबाई म्हणाल्या, "तेच मोडून हिचं केलंय. सोनं तेच हाय. ऱ्हाऊ दे."

हेही मला आजच कळलं! इतकी वर्षं गळ्यात घालून!

"सर, हात ठेवा खांद्यावर. नवरा-बायको वाटू द्या." आणि यांनी ठेवला. लग्नाला, बारशाला, देवीच्या दर्शनाला, कधी कुठं चारचौघांत माझ्या शेजारी उभे राहिले नाहीत. दोन पावलं पुढं चालतात. आज हात ठेवला. अलगद, जपून. हात चांगला उबदार होता. मी मान सरळ ठेवली.

मग श्रियानं डोकं माझ्या गुडघ्यावर टेकवलं, डोळे मिटले. कॅमेरा वाजला. कुणाच्या गुडघ्यावर टेकवलंस बाई?

मग माझा नंबर. पिशवी घेऊन आत गेले, शालू सोडला, पिस्ता नेसत होते. निऱ्या हातात. बाहेरून यांचा आवाज — "चल लवकर, आईला चक्कर आल्यासारखं होतंय." श्रिया पडद्याआडून म्हणाली, "मावशी, परत कधीतरी काढू गं, नक्की."

रिक्षात सासूबाईंनी भजी मागितली. खाल्लीसुद्धा.

सोमवार, १० नोव्हेंबर

श्रिया पहाटे पुण्याला गेली. पिस्ता साडीची पुन्हा घडी घातली. कपाटात सगळ्यात खाली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फोटो आला, घरात लावायचा. मंडपातला मल्लेश नंतर छापणार. केवढा मोठा! दोघांनी धरून आणला. अयोध्याचा लहान फोटो होता तिथं खिळा ठोकून लावला, लहान फोटो काढून माझ्या हातात दिला — "ठेव कुठंतरी."

खरंच हुबेहूब बसवलाय चेहरा. मानेपाशी रेघसुद्धा नाही. अयोध्या बसलीये, यांचा हात तिच्या खांद्यावर, लेक तिच्या गुडघ्याशी. हात मात्र माझे. मनगटावर तव्याचा चटका आहे माझ्या, तो तसाच राहिलाय. मल्लेशला पुसायचं सुचलं नाही.

सासूबाई पदर डोळ्याला लावून रडल्या. "माजी गुणाची गं!" मग हार घालायचं निघालं. तिला घालायचा तर फोटो एकच, हार सगळ्यांनाच पडतो! यांना, श्रियाला, सासूबाईंना स्वतःला! घातला आणि घाईघाईनं काढला. मला हसू आलं. आत जाऊन तोंडात पदर धरून हसले. मग रडले, पण आधी हसले.

रविवार, १६ नोव्हेंबर

शेजारच्या समृद्धीची आई फोटो बघायला आली. लांबून बघितला, जवळून बघितला. "विमल, तू कुठंयस गं यात?"

"आहे की. मानेच्या खाली."

तिला कळलं नाही. सासूबाईंना कळलं. बरं झालं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

वरदची आई व्हिडिओवर. साखरपुड्याला मी घर राखायला इथंच होते, त्यांनी मला कधी बघितलेलं नाही. श्रियानं तिला फोटो पाठवला होता. "अगदी गोड कुटुंब दिसतंय!" मग मला बघून, "या कोण?" हे म्हणाले, "ही... घरातलीच आहे." घरातलीच! खुर्ची, टेबल, मी.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सगळे झोपल्यावर लिहायला बसलेय.

दुपारी दारात एक म्हातारी. नऊवारी, हातात पिशवी, डोक्यावर पदर. "श्रियाचं घर ह्येच का?" अयोध्याची आई! बानूबाई, ईटच्या. श्रियानं स्वतः कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन केला होता, आजी लग्नाच्या आधी ये म्हणून. या घरात त्यांचं नाव निघालं की सासूबाई म्हणायच्या, भांडकुदळ बाई, लेक मेल्यावर तोंड फिरवून बसली. इतकी वर्षं पाय ठेवला नाही त्यांनी इथं.

सासूबाई आणि हे आहेराची खरेदी करायला गेले होते. घरात मी एकटी. म्हटलं, "या आजी, बसा." त्या बसल्या नाहीत. भिंतीवरचा फोटो बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडतील.

"ही कोण बसलीया?" त्या म्हणाल्या.

"अयोध्याताई."

"तोंड तिचं हाय. पर ही कोण?"

सांगितलं. मीच, शालू नेसून. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच. मग खाली बसल्या, फरशीवर. पाणी दिलं, ते तसंच हातात.

"ह्यो चेहरा कुठला घेतला त्येंनी?"

आतून तो लहान फोटो आणून दिला. त्यांनी तो पदरानं पुसला. आणि मग बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते, विसरायला नको.

"ह्यो फोटू म्या काढलाय. भूमला नेऊन. कावीळ झालती तिला. पोरगी झाली म्हून हिच्या सासूनं माझ्याकडं लावून दिली, मग न्यायला कुणी आलंच न्हाय. दोन वरीस! निरोप धाडले, माणसं धाडली. मार्तंड न्हाय आला. मग हीच म्हणली, आई, एक फोटू काढून धाडू, बघितलं की येतील. काय नेसू, काय नेसू, दोन दिस त्येच. तिच्या साड्या समद्या हितंच, ह्या घरात. भावजयीची मागून घेतली, आबोली. तोंड पिवळं दिसाया नको म्हून पावडर लावली. लई लावली. हसू का आई, म्हणली. म्या म्हणलं, हास थोडं. ह्ये बघ, हासलीया."

बघितलं. हसलीच आहे. इतकी वर्षं रोज पुसलेला फोटो. मला ती माझ्यावर हसतेय असं वाटायचं.

"मग आले का?"

"आला की. दहाव्याला आला. लेकरू घ्यायला." पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्या देत नव्हते. पोलीस घालीन म्हणला. बापाचं लेकरू हाय. दिलं. त्याच्यावर पुन्हा ह्या दारात आले न्हाय. ह्या भिताडावर माझ्या लेकीच्या खांद्यावर हात ठिवून हुबा ऱ्हायलाय, बघ की गं! जित्तेपणी माझ्या वाड्याच्या न्हाय, वस्तीच्या वाटंवर बी कधी दिसला न्हाय."

मी त्यांच्या शेजारी बसले. या बाईच्या लेकीचा मी किती राग केला! तिच्या भाकरीचा, तिच्या आमटीचा, तिच्या न चुकण्याचा. आणि ती तिकडं उसन्या साडीत बसून वाट बघत होती.

म्हटलं, "श्रियाला सांगू का?"

"नगं. लगीन हाय लेकराचं. हसत जाऊ दे. मागनं तुला वाटलं तर सांग. तू वाढीवलीयास, तुला ठावं कवा सांगायचं." जाताना माझ्या मनगटावरच्या चटक्यावरून बोट फिरवलं. "चुलीचा?" म्हटलं, "तव्याचा." थांबा म्हटलं, थांबल्या नाहीत. श्रियासाठी आणलेलं लुगडं आणि खण माझ्या हातात दिला. लग्नाला थेट मंडपात येते म्हणाल्या, आणि गेल्या.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी यांना विचारलं. सरळ.

"अयोध्याताईंना तुम्ही ईटहून आणायला का गेला नाहीत?"

चहाचा कप तोंडाशी थांबला. "कुणी सांगितलं?"

"गेला होतात का?"

"आईला विचार. तेव्हा मला कुठं काय..." मग आवाज चढवून, "जुनं काय उकरतेस? लग्न तोंडावर आलंय!"

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्या. मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. पहिल्यांदाच त्यांनी आधी नजर वळवली. "तवा समद्यांच्या घरात आसंच व्हतं," म्हणाल्या, आणि देवापाशी जाऊन बसल्या.

खोटंसुद्धा बोलले नाहीत. तेवढीही गरज वाटली नाही त्यांना.

दुपारी मल्लेशला फोन केला. मंडपाच्या दारातला फोटो छापू नका म्हटलं. "वहिनी, सर रागावतील." म्हटलं, रागावू द्या, माझं नाव सांगा. श्रियाला फोन करून सांगितलं, मुलीकडच्या बाजूला नुसती फुलं लावू. का गं? म्हणाली. म्हटलं, माझ्यावर सोड. मग म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर."

रविवार, २३ नोव्हेंबर

हे बाहेरून आले. भिंत मोकळी बघून दारातच थबकले. "फोटो कुणी काढला?"

अयोध्याताईंचा लहान फोटो माझ्या हातात होता. म्हटलं, "आम्ही दोघींनी."